हबल ट्रेडिंग पोस्ट, गनाडो: गालिच्याच्या दशा शोधत बसलो

ॲरिझोनाला गेलेला माणूस ग्रँड कॅन्यन बघतो आणि परत फिरतो, मागच्या ट्रिपला आम्हीही तेच केलं. या वेळी आई बरोबर होती, तिला दरीबिरीत काडीचा रस नाही पण विणकाम म्हटलं की लगेच कान टवकारते, म्हणून फिनिक्सहून पाचेक तास गाडी हाणून गनाडोला गेलो. नवाहो या अमेरिकेतल्या मूळ रहिवासी लोकांचे गालिचे आणि चांदीकाम समजून घ्यायचं असेल तर माझ्या मते सुरुवात इथूनच करा, काही घेतलं नाहीत तरी चालेल.

आधी घड्याळाचं सांगतो नाहीतर आमच्यासारखं व्हायचं. उन्हाळ्यात ॲरिझोना घड्याळ पुढे करत नाही पण नवाहो नेशन, म्हणजे नवाहोंचा स्वतःचा कारभार असलेला प्रदेश, करतं, आणि गनाडो त्यातच येतं, म्हणजे फिनिक्सला तीन वाजलेले असतात तेव्हा गनाडोत चार. मी हे वाचलं होतं, तरी विसरलो, एक तास गेला. आईने अर्थात ऐकवलं.

जागा म्हणजे जुनं दगडी दुकान. जॉन लोरेन्झो हबल नावाच्या व्यापाऱ्याने १८७८ साली हे घेतलं, १९६७ मध्ये ते घरातल्यांनी सरकारला विकलं आणि आता नॅशनल पार्क सर्व्हिसकडे आहे, पण म्युझियम करून कुलूप नाही घातलं, दुकान अजून चालूच आहे. लाकडी फरशी करकरते, काउंटर चांगलाच उंच आणि रुंद, फडताळात किराणा, आणि बाजूच्या खोलीत गालिच्यांच्या थप्प्याच थप्प्या. प्रत्येकाला चिठ्ठी आणि चिठ्ठीवर विणणारीचं नाव. मला हे फार आवडलं, आपण साडीवर दुकानाचं नाव बघतो, विणणाऱ्याचं कुठे असतं.

आईने आत शिरल्या शिरल्या एक गालिचा उचलला, कोपरा उलटा केला आणि म्हणाली, "अरे, याच्या दशा कुठे गेल्या?" दशा म्हणजे टोकाला लोंबणारे सुटे धागे, ते खरंच नव्हते. चारही कडा बंद, आणि उलटी बाजू कुठली तेच कळेना, दोन्हीकडे नक्षी सारखीच. तिथे एक आजी मागावर बसून विणून दाखवत होत्या, त्यांच्याकडे गेलो. दशांना इंग्रजीत काय म्हणतात ते मला ऐनवेळी आठवेना, शेवटी आईने स्वतःच्या ओढणीचं टोक धरून दाखवलं आणि त्या हसल्या. माग उभा असतो, वर एक दांडी खाली एक दांडी, त्यावर ताण्याचा, म्हणजे उभा, एकच अखंड धागा वर-खाली वर-खाली फिरवत नेलेला असतो आणि तो कापतच नाहीत, मग दशा येणार कुठून. शेवटचे दोन-तीन इंच विणताना बोट पण जात नाही इतकी फट उरते, तिथे सुई किंवा छत्रीच्या काडीसारखं काहीतरी बारीक वापरतात. आडवा धागा लाकडी फणीने ठोकून बसवतात, तो ठक्-ठक् आवाज अख्ख्या खोलीत येत होता.

मी आपला नेहमीचा प्रश्न विचारला, एक गालिचा व्हायला किती दिवस लागतात? आजी म्हणाल्या, मेंढी कातरल्यापासून मोजू की ताणा लावल्यापासून? नंतर मी किमतीवर एक शब्द बोललो नाही. लोकर पिंजायची, चाती मांडीवर फिरवत सूत काढायचं, हवं तर रंगवायचं, हे सगळं विणायला बसायच्या आधी.

मेंढ्यांची गोष्ट तर वेगळीच. चुरो जातीच्या मेंढ्या स्पॅनिश लोकांबरोबर आल्या, लांब केसांच्या आणि लोकर कमी तेलकट, म्हणजे धुवायला पाणी कमी लागतं आणि टंचाई असली तरी सूत निघतं. १८६४ मध्ये अमेरिकन सैन्याने नवाहोंना घरातून काढून ३०० मैलांच्या वर चालवत न्यू मेक्सिकोतल्या बोस्के रेडोंडोच्या छावणीत नेलं, कळप मारले, १८६८ च्या करारानंतर लोक परत आले. पुन्हा १९३० च्या दशकात सरकारनेच चराई जास्त होते म्हणून जनावरं कमी करायला लावली. चुरो जवळजवळ संपल्याच होत्या, १९७० च्या दशकात शोधून शोधून पैदास पुन्हा सुरू झाली.

अजून एक, ज्याला आपण अस्सल पारंपरिक म्हणतो त्यात व्यापाऱ्याचाही हात आहे. आधी ही मंडळी अंगावर घ्यायची ब्लँकेटं विणायची, रेल्वे आल्यावर पूर्वेकडच्या शहरातल्या घरांना गालिचे हवे झाले. हबलला लाल रंग आवडायचा, त्याने नक्षीची छोटी चित्रं काढून घेऊन भिंतीवर लावली, गिऱ्हाईक बोट दाखवायचं की मला तसलं. गनाडो रेड म्हणतात ते हेच, गडद लाल, बरोबर काळा, पांढरा, करडा. मला स्वतःला टू ग्रे हिल्स भागातले गालिचे जास्त आवडले, रंगच नाही, मेंढीच्या अंगचेच तपकिरी, करडे आणि पांढरे.

चांदीकडे आईने मोर्चा वळवला तेव्हा मी पाकीट चाचपलं. स्क्वॉश ब्लॉसम नावाचा नवाहोंचा चांदीचा हार असतो, त्यात मधे चंद्रकोरीसारखं पदक असतं, त्याला नाजा म्हणतात, मूळ स्पॅनिश घोड्यांच्या लगामावरचा दागिना आणि त्याही आधी मूर लोकांचा, म्हणजे उत्तर आफ्रिकेतून स्पेनमध्ये आलेल्या मुसलमानांचा. आई म्हणाली, घोड्याचा असो नाहीतर कुणाचा, चंद्रकोर ती चंद्रकोरच.

इथे मला माझी जुनी चूक सांगावीशी वाटते. मागच्या ट्रिपला हायवेवरच्या एका दुकानातून मी बायकोला निळ्या खड्याचं ब्रेसलेट घेतलं होतं, पाटीवर लिहिलेलं "नवाहो स्टाइल". घरी आल्यावर नेलपॉलिश काढायच्या पाण्याचा कापूस लावला तर कापूस निळा आणि खडा फिका. रंगवलेला पांढरा दगड होता. स्टाइल या शब्दावरच मी थांबायला हवं होतं. कारण १९९० चा कायदा आहे, मूळ रहिवाशांनी न केलेली वस्तू त्यांची म्हणून विकली तर अडीच लाख डॉलरपर्यंत दंड आणि ५ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, म्हणून हुशार विक्रेते "स्टाइल" लिहून मोकळे. तेव्हा बनवणाऱ्याचं नाव विचारा, खडा नैसर्गिक आहे की राळ घालून पक्का केलेला ते विचारा (पक्का केलेला असला म्हणजे खोटा असं नाही, पण किंमत तशी हवी) आणि बिलावर लिहून घ्या. दागिनेच बघायचे असतील तर पुढे विंडो रॉकला नवाहोंचं स्वतःचं दुकान आहे, १९४१ पासूनचं, नवाहो आर्ट्स अँड क्राफ्ट्स एंटरप्राइज.

मोठे गालिचे हजारो डॉलरचे, ते आम्ही फक्त हात लावून बघितले. शेवटी फूटभर लांबीरुंदीचा एक करडा तुकडा घेतला १४० डॉलरला. मी घासाघीस करायला तोंड उघडणार तेवढ्यात आईनेच कोपराने ढोसलं, जी बाई भाजीवाल्याकडे दोन रुपयांसाठी दहा मिनिटं उभी राहते ती.

तुकडा आता हॉलमध्ये फ्रेमशिवाय टांगलाय, कारण फ्रेम केली तर मागची बाजू दिसणार नाही असं आईचं म्हणणं. आणि हल्ली कुणाच्याही घरी गेलो, खाली गालिचा दिसला की ती बसायच्या आधी वाकून कोपरा उलटा करून बघते, मला जाम लाज वाटते.