कुंभारगावची पहाटेची होडी: इंजिन कुठे बंद करायचं हे जाणणारे दादा

फ्लेमिंगो बघायला आणि त्यांचे फोटो काढायला भिगवणला मी सहाव्यांदा जाऊन आले. सोलापूरहून निघायचं तर रात्री अडीचलाच गाडी काढावी लागते. आमच्या पाच जणांच्या गटात मी, माझी लॅबमधली मैत्रीण, बँकेतून निवृत्त झालेले काका-काकू आणि काकांचा भाचा, जो यंदा बीएस्सीला आहे. पुणे-सोलापूर महामार्गावरून भिगवणजवळ आत वळलो, कुंभारगावात पोचलो, तेव्हा सहाला दहा मिनिटं कमी होती. काठावर शेकोटी पेटलेली होती आणि आमचे होडीवाले दादा होडीतलं पाणी डब्याने उपसत होते.

दादांचं नाव आणि नंबर इथे देत नाही, कारण तसं त्यांना विचारलेलं नाही. पण त्यांच्या होडीबद्दल लिहायलाच हवं. आधीच्या पाच फेऱ्यांत मला जे मिळालं नव्हतं, ते या एका सकाळी मिळालं.

आधी जागेबद्दल, नवीन माणसांसाठी. हा उजनी धरणाचा फुगवटा, म्हणजे भिंतीमागे तुंबून पसरलेलं पाणी. भीमेवरचं हे धरण 1980 मध्ये पूर्ण झालं. त्यात गावं, शेतं, देवळं पाण्याखाली गेली आणि ज्यांच्या जमिनी बुडाल्या त्यांतल्या कित्येकांनी पुढे याच पाण्यात जाळं टाकलं. पळसदेवचं जुनं देऊळ पाणी खूप उतरलं की अजून वर डोकावतं. पक्ष्यांचं सगळं गणित या उतरत्या पाण्यावर आहे. फ्लेमिंगोला, म्हणजे आपल्या रोहित पक्ष्याला, गुडघाभर पाणी आणि खाली मऊ गाळ लागतो. तो मान खाली घालून चोच उलटी करतो आणि गाळमिश्रित पाणी गाळून त्यातले जीव खातो. धरण काठोकाठ असलं की त्याला उभं राहायलाच जागा नसते. कालव्यांना पाणी सुटलं, पातळी उतरली, गाळाचे पट्टे उघडे पडले, की थवे येतात. म्हणून ‘भिगवणला डिसेंबरात फ्लेमिंगो’ असं कुठे वाचून निघू नका. आमच्याकडे उजनी मायनसमध्ये गेली, म्हणजे वापरायचा साठा संपून पाणी त्याच्याही खाली गेलं, की शेतकऱ्यांच्या पोटात गोळा येतो, आणि त्याच दिवसांत या उथळ पट्ट्यांवर पक्षी दाटतात. ही गोष्ट दर वर्षी मनाला टोचते.

आम्ही फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात गेलो, मंगळवारी. वार मुद्दाम सांगतेय. रविवारी इथे होड्यांची रांग लागते आणि एकाच थव्याला चार बाजूंनी घेरलेलं मी पाहिलंय. दोन वर्षांपूर्वी आम्ही ज्या होडीत होतो, त्या होडीवाल्याने शेजारच्या गिऱ्हाइकांनी ‘उडवा की’ म्हटल्याबरोबर इंजिन तसंच चालू ठेवून होडी थेट थव्यात घातली. सगळा थवा उठला, पंखांचा लाल-काळा रंग आभाळभर पसरला आणि सगळ्यांचे कॅमेरे खडखडले. माझ्याही कार्डावर ते फोटो आहेत. मी ते कधी कुणाला दाखवले नाहीत. फ्लेमिंगोला जागेवरून उडता येत नाही. पाण्यावर दहा-पंधरा पावलं जोरात धावून तो उठतो आणि अशा प्रत्येक उठण्यात त्याने सकाळपासून गाळून कमावलेलं खर्ची पडतं. दिवसात सात-आठ होड्यांनी उडवलं तर तो खाणार कधी?

यंदा काठावरून निघण्याआधीच मी विचारलं, “दादा, इंजिन कुठे बंद करणार?”

ते हसले. “ताई, पक्षी सांगतो. माना वर आल्या की आपण थांबायचं.”

आणि तसंच झालं. थवा डोळ्यांना नुसती गुलाबी रेघ दिसत होता, तेव्हाच त्यांनी इंजिन बंद केलं. मग लांब बांबू गाळात रोवून होडी रेटायला सुरुवात केली. सरळ थव्याकडे नाही, तिरकी, सूर्य आमच्या पाठीशी येईल अशी. थोडं रेटायचं, थांबायचं, पक्ष्यांकडे बघायचं. सगळ्या चोची पाण्यात असल्या की पुन्हा थोडं पुढे. एका ठिकाणी दोन-तीन माना ताठ वर आल्या आणि थवा एका दिशेने चालायला लागला. दादांनी बांबू तसाच रोवून धरला. पाच-सात मिनिटं आम्ही कुणी हललो नाही. माना परत खाली गेल्या. दादा म्हणाले, “आता हितनंच काढा. म्होरं जायाचं न्हाई.”

मी दिवसभर सूक्ष्मदर्शकाखाली रक्ताच्या काचा बघते. हलक्या हाताने फोकस फिरवायचा आणि नजर स्थिर ठेवायची, ही माझी रोजची सवय. पण होडीत इंजिन चालू असताना ती सवय काही कामाची नसते. माझ्याकडे निकॉन डी500 कॅमेरा आणि 200-500 एफ/5.6 ही लांब पल्ल्याची लेन्स आहे. लेन्सच 2.3 किलोची, त्यामुळे हातावर फार वेळ तोलत नाही. जुन्या जीनच्या पायाची पिशवी शिवून तिच्यात तांदूळ भरलेत, ती होडीच्या काठावर ठेवून लेन्स टेकवते. इंजिनाची थरथर काठातून पिशवीत, पिशवीतून लेन्समध्ये उतरते. आधीच्या फेऱ्यांतल्या फोटोंत डोळ्याच्या कडा मऊ का येतात, हे मला कळत नव्हतं. लेन्स सर्व्हिसला पाठवायचा विचारही करून झाला होता. यंदा बंद इंजिनावर, 1/1600 सेकंदाच्या शटरला काढलेल्या फोटोत फ्लेमिंगोच्या पिवळट डोळ्यातली काळी बाहुली सुईने टोचल्यासारखी स्पष्ट आली आहे. लेन्समध्ये काहीच बिघाड नव्हता.

फ्लेमिंगोचा पांढरा रंग सकाळच्या उन्हात फोटोत पटकन जळतो, म्हणजे नुसता पांढरा डाग होतो, म्हणून एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन -0.7 वर ठेवा. आणि होडीत मांडी घालून खाली बसा. उभं राहून काढलं की पक्षी पाण्यावर चिकटवलेल्या चित्रासारखा दिसतो. लेन्स पाण्यापासून हात-दीड हातावर आली की मागचं पाणी विरघळतं आणि पक्षी आपल्या नजरेच्या पातळीवर येतो. ट्रायपॉड गाडीतच ठेवा.

भाच्याला उडता फोटो हवा होता. उसना कॅमेरा, पहिलीच फेरी, आणि हवाहवासा वाटणारा फोटो समोर दोनशे हातांवर. त्याने अगदी नम्रपणे विचारलं, “दादा, थोडं पुढे घेतलं तर उडतील का?” दादा रागावले नाहीत. म्हणाले, “त्यांच्या मनानं उडतील तवा काढ. तू बस हितं, मी बी बसतो.” आणि खरंच बांबू आडवा टाकून ते बसले. साधारण चाळीस मिनिटं. या वेळात शेकाट्यांची, म्हणजे लांब पायांच्या पाणपक्ष्यांची, जोडी होडीपासून इतक्या जवळून चालत गेली की माझ्या लेन्सला फोकसच होईना. कवड्या खंड्या एका जागी पंख फडफडवत हवेत थांबला, सूर मारून पाण्यात गेला आणि रिकाम्या चोचीने परतला, असं तीनदा. काकूंनी एकही फोटो न काढता हे सगळं दुर्बिणीतून पाहिलं आणि मैत्रिणीच्या कानात कुजबुजत राहिल्या. मग थव्याच्या कडेचे पाच फ्लेमिंगो वाऱ्याच्या दिशेने तोंड करून आपसूक धावायला लागले. भाच्याने पूर्ण धाव टिपली, पहिल्या पावलापासून पाय पाण्यातून सुटेपर्यंत. एका फ्रेममध्ये मागे पाण्यावर उमटलेल्या पावलांच्या वर्तुळांची ओळ आहे. आमच्या पाच जणांत त्या दिवसाचा सगळ्यात चांगला फोटो तोच.

परतताना दादांनी वाट वाकडी करून पट्टकादंब दाखवले. डोक्यावर दोन काळ्या पट्ट्या असलेले हे हंस हिमालय ओलांडून येतात, आणि इथे काठावरच्या हिरव्या पट्ट्यात गाईंसारखे चरत असतात. जाळ्याच्या खुंटावर कैकर, म्हणजे ऑस्प्रे, मासा धरून बसला होता. तो चिलापीच होता, हे दादांनी दुरून ओळखलं. कैकर उडताना माशाचं डोकं पुढच्या दिशेला धरतो, वाऱ्याचा अडथळा कमी व्हावा म्हणून. हे मी वाचलं होतं, पण डोळ्यांनी पहिल्यांदा पाहिलं. नदी सुरय, चमचे, मालगुजे, थापट्या बदकं हे सगळे पक्षीही मिळाले, त्यांची यादी देत बसत नाही.

आता न आवडलेल्या गोष्टी. होडीत सहा लाइफ जॅकेट होती, त्यांतल्या दोनांची बकलं तुटलेली. मी ती घालायला नकार दिला. दादांनी काठावरून दुसरी दोन आणून दिली, पण मी मागितली नसती तर आम्ही तशीच अडकवून बसलो असतो. मे 2024 मध्ये याच फुगवट्यात कुगाव आणि कळाशीच्या दरम्यान वादळी वाऱ्यात होडी उलटून सहा जण बुडाले. पाणी शांत दिसतं म्हणून कुणी जॅकेट मांडीवर ठेवून बसू नये. कॅमेऱ्याचा पट्टा जॅकेटच्या वरून घाला, आतून नको. दुपारी वारा उठला की दादा स्वतःच होडी काढत नाहीत, हे मला फार पटलं. दुसरी अडचण बायकांसाठी. काठावर स्वच्छतागृह नाही. ज्या घरी आम्ही नाश्ता केला त्या वहिनींनी आपलं वापरू दिलं, पण हे प्रत्येकीला मिळेल असं नाही. महामार्गावरच सोय करून घ्या.

पूर्ण होडीचे आम्ही 1500 रुपये दिले. दोन तास ठरले होते, बसलो तीन तास. दादांनी जास्त मागितले नाहीत. आम्ही जास्तीचे आपणहून दिले, आणि त्या चाळीस मिनिटांचे म्हणून दिले. कारण त्या वेळात ते दुसरी फेरी मारू शकले असते. पक्षी उडवणाऱ्या होडीची फेरी लवकर संपते आणि दिवसाला जास्त फेऱ्या होतात. हळू नेणाऱ्याला आपण जास्त दिलं नाही तर तो हळू का नेईल?

जेवण वहिनींच्या घरी. चिलापीचा तिखट रस्सा, ज्वारीची कडक भाकरी, कांदा. वहिनींनी मासा आमच्यासमोर साफ केला. मैत्रीण मासे खात नाही, तिला पिठलं आणि ठेचा मिळाला. रस्सा चांगला झणझणीत होता, सोलापूरच्या माणसाला चालेल असा. पुण्याकडच्यांनी आधी सांगून ठेवावं.

दुपारी वेळ असेल तर इंदापूर तालुक्यातच कडबनवाडीचं माळरान आहे, तिथे चिंकारा दिसतात. आम्हाला दोन माद्या आणि एक पाडस दिसलं, खूप लांबून, तापलेल्या हवेच्या लाटांमागे. फोटो आला नाही. इंदापूरच्या तहसील कचेरीच्या आवारातल्या चिंचांवर चित्रबलाकांची, म्हणजे रंगीत करकोच्यांची, घरटी असतात, तीही परतीच्या वाटेवर पाहता येतात.

होडी ठरवताना कोणत्याही होडीवाल्याला तोच प्रश्न विचारा: इंजिन कुठे बंद करणार? जो लगेच ‘अगदी जवळ नेतो, उडवून दाखवतो’ म्हणेल, त्याला नमस्कार करून पुढच्याकडे जा. काठावर दुसरी होडी असतेच.

परवा दादांचा फोन आला. म्हणाले, “ताई, पाणी अजून हातभर उतरलं. डिकसळच्या अंगाला पक्षी सरकलाय.” मार्चच्या दुसऱ्या मंगळवारी मी सुट्टी टाकली आहे. भाच्याने स्वतःची तांदळाची पिशवी शिवून घेतली आहे.