धंदा बाहेर गेला, मग सीईओचा पगारही बाहेरच्या रेटने द्यायचा का?

निम्मी विक्री परदेशात गेली की बोर्डावर कुणीतरी म्हणतंच, आता पॅकेज ग्लोबल करा. पण बाहेर माल विकणं वेगळं आणि बाहेरच्या शेअर बाजारात लिस्ट होणं वेगळं, दोन्हीला एकच औषध चालत नाही.

नुसती निर्यात असेल तर माझं मत, पगाराच्या आकड्याला फार हात लावू नका, बोनसचा फॉर्म्युला बघा. समजा गेल्या वर्षी 100 कोटी डॉलरची विक्री झाली आणि डॉलर होता 10 ला, म्हणजे आपल्या चलनात 1000 कोटी. यंदा विक्री घसरून 95 कोटी डॉलर, पण डॉलर 11 वर गेला, झाले 1045 कोटी! कागदावर साडेचार टक्के वाढ आणि साहेब बोनस घेऊन मोकळे, खरं तर धंदा पाच टक्क्यांनी आटलाय. म्हणून टार्गेट मोजताना गेल्या वर्षीचाच रेट धरा, आणि चलन उलटं फिरलं तरी तोच नियम ठेवा, नाहीतर दरवर्षी भांडण.

अमेरिकेत लिस्ट होणार असाल तर गोष्ट बदलते. तिथे 2023 पासून शेअर बाजारांचा नियम आहे की हिशेब चुकीचे निघून दुरुस्त करावे लागले तर आधीच्या तीन वर्षांतला जास्तीचा बोनस परत घ्यायचा, चूक साहेबांची असो वा नसो, आणि यातून परदेशी कंपन्याही सुटलेल्या नाहीत. त्यामुळे करार आधीच तसे लिहावे लागतात.

तिसरा रस्ता म्हणजे बोर्डावर परदेशी माणसं आणणं, आणि हा लोक हलक्यात घेतात. नॉर्वे-स्वीडनच्या कंपन्यांवर 2005 मध्ये आलेल्या एका अभ्यासात बोर्डावर अमेरिकन-ब्रिटिश सदस्य असले की सीईओचा पगार जास्त दिसला. एक कारण असं देतात की अशा बोर्डात खुर्ची जाण्याची भीती जास्त, त्याची किंमत पगारात येते. पटतं, पण नवे सदस्य पगाराच्या तुलनेसाठी त्यांच्या देशातल्याच कंपन्यांची यादी घेऊन येतात हेही आहेच की.

देशादेशांत पगाराचा फरक किती, तर 1998 ला जर्मन कारकंपनी डाइमलरने अमेरिकेची क्रायस्लर घेतली तेव्हा क्रायस्लरचे प्रमुख ईटन यांचा पगार डाइमलरचे प्रमुख श्रेम्प यांच्यापेक्षा कित्येक पट होता, म्हणजे घेणारा गरीब आणि विकला गेलेला श्रीमंत! 😄

तर पगाराच्या तुलनेसाठी कंपन्यांची यादी मागवाल तेव्हा एवढंच विचारा, या कंपन्यांनी आपला माणूस खरंच कधी पळवलाय का, की नुसती नावं मोठी आहेत?