कंपनीची परिषद की मैदानावरचा शो? कोऑर्डिनेटरची नोकरी निवडताना

मुंबई-पुण्यात प्रोजेक्ट कोऑर्डिनेटरच्या जागेसाठी दोन ठिकाणांहून बोलावणं आलंय, समजा. एक एजन्सी कंपन्यांच्या परिषदा आणि डीलर मीट करते, दुसरी मैदानावर तिकीट लावून गाण्याचे शो. पद तेच, पण परिषदेत दिवसभर क्लायंटचे बदल झेलायचे आणि मैदानावर घड्याळ आणि परवाने.

परिषदेचा हॉल बहुधा आदल्या रात्री ताब्यात येतो आणि सकाळी नऊला दीपप्रज्वलन असतं. दिवसा अवजड गाड्यांवर शहरात वेळेची बंधनं, म्हणून ट्रकही रात्रीच येतात. उभारणीचा क्रम चुकवायचा नाही: आधी ट्रस (लाइट टांगायचा धातूचा सांगाडा) आणि लाइट, मग एलईडी स्क्रीन, मग साउंड, कार्पेट सगळ्यात शेवटी. घाईत कार्पेट आधी अंथरलं की जड पेट्यांच्या चाकांखाली ते सरकतं, फाटतं, आणि पहाटे चारला दुसरा रोल कुठून आणणार?

सगळ्यात जास्त घोळ स्क्रीनचा होतो. ही स्क्रीन म्हणजे एलईडी पॅनल जोडून केलेली भिंत. अर्ध्या मीटरच्या चौरस पॅनलच्या 15 बाय 7 अशा भिंतीचं प्रमाण 15:7 येतं, क्लायंटचं प्रेझेंटेशन मात्र 16:9. मग एमडीसाहेबांचा चेहरा तरी पसरतो, नाहीतर दोन्ही बाजूंना काळे पट्टे दिसतात. एक तर 16 बाय 9 पॅनलची, म्हणजे 8 बाय 4.5 मीटरची भिंत घ्या, नाहीतर पिक्सेलचा आकडा डिझायनरला आठवडाभर आधी लेखी कळवा. P2.6 च्या, म्हणजे दोन पिक्सेलमध्ये 2.6 मिलिमीटर अंतर असलेल्या पॅनलमध्ये साधारण 192 बाय 192 पिक्सेल असतात, म्हणजे 15 बाय 7 ला 2880 बाय 1344. दुसरी कटकट आयत्या वेळच्या मागण्यांची. ‘अजून दोन कॉलर माइक द्या ना’ हे तोंडी ऐकून दिलेत, तर बिलात ते कुणालाच आठवत नाहीत. तिथल्या तिथे व्हॉट्सॲपवर होकार घ्या.

मैदानावर हिशोब उलटा, शेवटापासून मांडायचा. रात्री 10 ला लाउडस्पीकर बंद. सरकार वर्षात जास्तीत जास्त 15 दिवस बारापर्यंत सूट देऊ शकतं, पण ते दिवस बहुतेक सणांनाच जातात. 9:50 ला मुख्य कलाकार उतरायचा असेल तर 90 मिनिटांसाठी तो 8:20 ला मंचावर हवा, त्याआधी अर्धा तास मंच बदलायला, त्याआधी पहिला बँड. साउंडचेक गेट उघडण्याआधी संपला नाही तर रांग रस्त्यावर येते आणि पोलिसांचा पहिला फोन तुम्हालाच.

परवान्यांसाठी पोलीस ठाणं, वाहतूक पोलीस, अग्निशमन दल, विद्युत निरीक्षक, शिवाय संगीताच्या हक्कांचे परवाने. विजेची तपासणी जोडणी झाल्यावरच होते, तेव्हा अर्थिंग ‘नंतर करू’ म्हणणाऱ्या व्हेंडरला आधीच दटावावं. जनरेटर साउंडला वेगळा, लाइटला वेगळा, आणि एक राखीव. साउंड आणि लाइट एकाच लाइनवर टाकले की डिमरचा (लाइट कमी-जास्त करणाऱ्या यंत्राचा) गुणगुणाट स्पीकरमधून ऐकू येतो. कलाकाराच्या रायडरमध्ये (त्याच्या तांत्रिक मागण्यांच्या यादीत) लिहिलेला साउंड कन्सोल मिळत नसेल तर पर्यायाला त्यांच्या साउंड इंजिनिअरची लेखी मान्यता काही दिवस आधी घ्या. साइटवर समजावू म्हणाल, तर साउंडचेकच अडतो.

शो संपल्यावर परिषदवाला मध्यरात्रीपर्यंत मोकळा होतो, मैदानवाल्याचं सामान उतरवणं पहाटेपर्यंत चालतं. त्यात जून ते सप्टेंबर मैदानं जवळपास बंद असतात. पगार असेल तर ठीक, पण रोजंदारीवर फ्रीलान्स जाणाऱ्याने या चार महिन्यांचा खर्च आधीच बाजूला काढावा, शिवाय बिलातून बहुधा 10 टक्के टीडीएस कापला जातो तो धरून दर सांगावा. परिषदा पावसाळ्यातही होतात. मात्र तिथे क्लायंटचे पैसे आले की मगच फ्रीलान्सरचे, असा खाक्या अनेक एजन्सींचा.

नवख्याने पहिलं वर्ष परिषदांना द्यावं, असं आमचं मत. क्यू शीट (कार्यक्रमाचा मिनिटामिनिटाचा क्रम), पीओ (खरेदीची लेखी ऑर्डर), व्हेंडरशी भाव करणं हे तिथे चार भिंतींत शिकता येतं; मैदानावर चूक झाली तर ती हजारो लोकांसमोर होते. ज्यांना ढोल-ताशा पथक किंवा कॉलेज फेस्टिव्हलच्या आयोजनाचा सराव आहे, त्यांनी सरळ मैदान धरलं तरी चालेल.

मुलाखतीत मात्र दोन्हीकडे एक गोष्ट विचाराच: हमालांचं जेवण, रात्रीचा टेम्पो, जनरेटरचं डिझेल यांसाठी साइटवर रोख कोण देतं? ‘तुम्ही भरा, बिलं दाखवा’ असं उत्तर आलं तर आगाऊ रक्कम किती आणि परतफेड किती दिवसांत, हे ऑफर लेटरमध्येच लिहून घ्या.