आर्डुइनोवर बांधलेला ऑसिलोस्कोप : आठ महिन्यांच्या वापरानंतर

पदविकेच्या शेवटच्या वर्षी आम्ही तिघांनी आर्डुइनो उनो हा छोटा मायक्रोकंट्रोलर बोर्ड वापरून संगणकाला जोडायचा ऑसिलोस्कोप, म्हणजे बदलत्या व्होल्टेजचा आलेख दाखवणारे यंत्र, बांधला. असे प्रकल्प तोंडी परीक्षेनंतर सहसा कपाटात जातात. हा मात्र आठ महिने माझ्या टेबलावर वापरात आहे आणि त्याचे खरे दोष परीक्षेनंतरच कळले.

उनोचा एडीसी (व्होल्टेजचे आकड्यांत रूपांतर करणारा भाग) मूळ मांडणीत सेकंदाला सुमारे ९,६०० नमुने घेतो. प्रीस्केलर (एडीसीच्या घड्याळाचा वेग ठरवणारा भाजक) १२८ वरून १६ वर आणून ८ बिटांवर समाधान मानले, की हा वेग ७७,००० च्या आसपास जातो. परंतु १,१५,२०० बॉडच्या सिरियल जोडणीतून सेकंदाला जेमतेम ११,५२० बाइट जातात, त्यामुळे १,००० नमुने आधी चिपच्या २ केबी मेमरीत साठवून मग पाठवावे लागतात. साठवायला १३ मिलिसेकंद, पाठवायला ८७. पडद्यावरचे चित्र सलग हलताना दिसले, तरी दर १०० पैकी ८७ मिलिसेकंद यंत्र आंधळे असते. ५५५ टायमरच्या सर्किटमध्ये अधूनमधून येणारा एक चुकार पल्स शोधण्यात माझी अख्खी संध्याकाळ गेली, ती यामुळेच.

याहून फसवे प्रकरण एलियासिंगचे, म्हणजे नमुने पुरेशा वेगाने न घेतल्यामुळे खोटीच संथ लहर दिसण्याचे. एलएम२५९६ हा व्होल्टेज रेग्युलेटर सुमारे १५० किलोहर्ट्झने स्विच होतो. आमच्या पडद्यावर मात्र ४ किलोहर्ट्झच्या आसपासची एक नीटनेटकी लहर दिसली आणि मी विनाकारण कपॅसिटर बदलत बसलो. एका आवर्तनात निदान दहा नमुने हवेत, असे धरले तर ७ किलोहर्ट्झच्या वरच्या आकारावर विश्वास ठेवू नये.

सुरुवातीला यूएसबीचे ५ व्होल्टच संदर्भ (एडीसी ज्याच्याशी तुलना करून मोजतो तो व्होल्टेज) म्हणून घेतले होते, त्यामुळे पोर्ट बदलला की त्याच बॅटरीचे मोजमापही बदलत असे. टीएल४३१ या चिपवरून २.५ व्होल्टचा स्थिर संदर्भ दिल्यावर ती तक्रार संपली. पायथनमध्ये आलेख काढण्यासाठी मॅटप्लॉटलिब सोडून पायक्यूटीग्राफ घेतल्यावर चित्रही अडखळेनासे झाले.

एक सावधगिरी मात्र जिवाची आहे. प्रोबची काळी क्लिप यूएसबीमार्फत लॅपटॉपच्या ग्राउंडला जोडलेली असते आणि तीन पिनांचा चार्जर लावला असेल, तर ती थेट घराच्या अर्थिंगपर्यंत पोहोचू शकते. त्यामुळे घरगुती वीजपुरवठ्याशी थेट जोडलेल्या सर्किटला हे यंत्र कधीही लावू नये.

नुसते मोजमापच हवे असेल, तर दिल्लीच्या आययूएसीने (इंटर-युनिव्हर्सिटी अ‍ॅक्सेलरेटर सेंटर) विकसित केलेले एक्सपआइज-१७ हे तयार यंत्र घ्यावे : १२ बिट, ±१६ व्होल्ट, सेकंदाला दहा लाख नमुने. मी स्वतः ऑडिओ अॅम्प्लिफायरच्या कामासाठी अजूनही आमचाच डबा काढतो, कारण त्याच्या खोडी मला पाठ झाल्या आहेत.