हार्टबार नाल: चंद्रीच्या पायात आठ महिने

पाचगणीच्या टेबल लँडवर सवारीसाठी आमची दोन घोडी आहेत. त्यातल्या चंद्रीच्या पुढच्या दोन्ही पायांत फेब्रुवारीपासून हार्टबार नाल आहेत, म्हणजे आजारी खुराच्या भिंतीवरचा भार हलका करणारे खास नाल. आता ऑक्टोबर संपत आलाय. मधल्या काळात तिघाचौघांनी विचारलं, "गुण आला का?" गुण आला. पण ज्याला आपण नालाचा गुण म्हणतोय, त्यातला निम्मा खूर तासायच्या कानशीचा आहे, आणि हे कळायला मला पावसाळा जावा लागला.

जानेवारीच्या अखेरीस एका रात्री तिनं दावं सोडवून चंदीचं पिंप गाठलं. सकाळी पाहिलं तर गव्हाची भरड निम्मी संपलेली. आम्ही हसलो, आबा म्हणाले, "जिरवील की." डॉक्टरांना त्याच सकाळी बोलवायला हवं होतं. दुसऱ्या दिवशी ती पुढचे पाय लांब ताणून, सगळा भार मागं टाकून उभी. वळवायला गेलो तर पाऊल उचलेना. खुराला हात लावला तर गरम, आणि घोट्याच्या मागं नाडी बोटाखाली उडत होती. लॅमिनायटिस, म्हणजे खुराच्या आतली सूज. डॉक्टर येईपर्यंत मच्छीवाल्याकडून बर्फाच्या लाद्या आणून दोन टबांत तिचे पाय बुडवून ठेवले. पुढचे दोन दिवस तेच करायला डॉक्टरांनीही सांगितलं, सोबत सूज उतरायची औषधं.

खुराची भिंत आणि आतलं हाड यांना पापुद्र्यांची पकड असते. ती सुजून ढिली पडली की हाडाचं टोक तळव्याकडं कलतं. किती कललंय हे एक्स-रेशिवाय कळत नाही. पाय थोडे निवल्यावर पिकअपमध्ये जाड भुसा अंथरून, पसरणी घाट उतरून आम्ही तिला शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात नेलं. खंबाटकीच्या बोगद्यापर्यंत आबा मागं तिच्यापाशी उभे होते. डावा पाय जास्त कललेला निघाला.

नाल दिसायला असा: साध्या नालाची मागची तोंडं पट्टीनं जोडलेली आणि त्या पट्टीतून आत एक जीभ. ही जीभ तळव्यातल्या मधल्या त्रिकोणी, रबरासारख्या भागावर, फ्रॉगवर टेकते. म्हणजे सगळा भार भिंतीवर न पडता थोडा फ्रॉगवरही जातो. वाचायला सोपं आहे. पहिल्यांदा आम्ही ज्यांच्याकडून बसवून घेतला त्यांनी जीभ फ्रॉगच्या टोकापर्यंत आणली. चंद्री रात्रभर पाय आलटून पालटून उचलत राहिली. सकाळी नाल काढले.

मग वाईकडचे नालबंद चाचा आले. बैलांना पत्र्या मारण्यात त्यांची हयात गेली, पण घोड्याच्या खुराची जाण मोठी. आधी त्यांनी फ्रॉग अंगठ्यानं दाबून पाहिला. दाबल्यावर ती दचकली असती, तर नाल बसवलाच नसता. मग खुराचं टोक कानशीनं मागं घेतलं, टाच थोडी उतरवली, आणि जीभ फ्रॉगच्या टोकाच्या बोटभर अलीकडं थांबवली. "आरं, जीभ टोकाला टेकली की गेली घोडी कामातनं," एवढं बोलून पुन्हा कानस हातात. शेवटचा खिळा खुराच्या सर्वांत रुंद जागेच्या मागं मारला नाही. टाच प्रत्येक पावलाला फाकते, ती जखडायची नसते. बसवल्यावर ती चार पावलं चालली आणि चाऱ्याकडं वळली. आठवड्यानंतर ती पहिल्यांदा आपणहून चालली होती.

आता त्रासाचं. पहिला म्हणजे खर्च: साध्या नालाच्या तिपटीहून जास्त, शिवाय दर पाच-सहा आठवड्यांनी काढून, खूर तासून पुन्हा बसवायचा. मे महिन्यात सीझनच्या गडबडीत मी आठवा आठवडा होऊ दिला. टोक वाढलं, घोडी पुन्हा आखडली. नाल तोच, खिळे तेच, फक्त कानस चुकली होती.

दुसरं, पट्टी मागं असल्यानं मागचा पाय तिच्यावर पडतो. एकदा नाल अर्धा उपटला, भिंतीचा तुकडा घेऊनच. तेव्हापासून जुनी ट्यूब कापून केलेली पट्टी पुढच्या खुरांभोवती गुंडाळतो. विकतचे बूट मिळतात, पण ट्यूब फुकट आहे.

तिसरा आणि खरा त्रास पावसाळ्याचा. जीभ आणि फ्रॉगच्या खाचा यांच्यामध्ये शेण-चिखल गच्च बसतो आणि खूर साफ करायच्या आकडीनं खरवडला तरी पूर्ण निघत नाही. जुलैत खाचेतून काळा, सडका वास येणारा चिकट द्राव यायला लागला. हा थ्रश. हवा न लागणाऱ्या ओल्या जागेत वाढणाऱ्या जंतूंचं काम. शेजाऱ्यांनी डांबर सुचवलं, एकानं गाडीचं जुनं ऑइल. दोन्ही लावू नका, घाण आत कोंडली जाते. चाचांनी नाल काढून मऊ पडलेला भाग कापला. डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणं रोज धुऊन, पुसून कोरडं करून, मोरचुदाच्या पाण्यात भिजवलेला कापूस खाचेत भरला. बारा दिवस ती बिननालाची, जाड पेंढ्यावर. तबेल्यातली ओल काढल्याशिवाय हे थांबलं नसतं, म्हणून एक बाजू खणून मुरूम टाकला.

ऑगस्टमध्ये ती अचानक तीन पायांवर आली. मला वाटलं, सहा महिन्यांचं सगळं पाण्यात गेलं. डॉक्टरांनी खुराला चिमटा लावून फिरवला आणि एका जागी ती झटक्यानं मागं सरकली. तिथं भिंत आणि तळवा जुळतात त्या पांढऱ्या रेषेपाशी कोरलं तर करड्या रंगाचा पू सुटला. लॅमिनायटिसनंतर असे गळू होतात म्हणे. कोमट पाण्यात एप्सम सॉल्ट घालून पाय बुडवणं, वर पट्टी आणि धनुर्वाताचं इंजेक्शन. घोड्याला धनुर्वात फार लवकर होतो, हे विसरू नका. घोडं एका रात्रीत असं लंगडायला लागलं तर आधी गळूचा संशय घ्या, नालावर राग नंतर काढा.

आजची स्थिती: आजारानंतर केसांच्या रेषेपाशी खुरावर एक वळ उठला होता. मी त्याच्यावर लक्ष ठेवून आहे. महिन्याला साधारण आठ मिलिमीटर खूर वाढतो. तो वळ आता जमिनीपासून दीड बोटावर आलाय. वरचं नवं खूर सरळ, खालचं अजून पसरट. दुसऱ्या एक्स-रेत डाव्या पायाचा कल कमी झालाय, पूर्ण गेलेला नाही.

नालाला दहापैकी सात देईन. बसवणारा नीट नसेल तर दोन, आणि तसा माणूस जवळपास नसेल तर साध्या नालावर, वेळेवर कानस मारून घेतलेली बरी.

दिवाळीची गर्दी आलीये, आबा रोज एकदा तिच्या पाठीवर खोगीर टेकवून बघतात आणि उतरवून ठेवतात. चाचा पुढच्या आठवड्यात येतील, तेव्हा ठरेल. चंदीच्या पिंपाला कुलूप लावलंय, किल्ली माझ्या खिशात असते.