रायफलचे पार्ट बदलले गेले आणि आम्ही मुलीलाच बोल लावत राहिलो

ज्यांची मुलं एअर रायफल खेळतात, त्यातही ज्यांनी सेकंडहँड रायफल घेतली आहे किंवा बाहेर कुणाकडून सर्व्हिस करून घेतली आहे, त्यांनी कृपया हे वाचा. आणि वाचायच्या आधी रायफलच्या सिलिंडरवर, म्हणजे दाबलेली हवा भरलेल्या नळकांड्यावर, कोरलेली तारीख बघून या.

आम्ही सांगली जिल्ह्यातले. मी साखर कारखान्यात फिटर आहे. लेक दहावीत असताना दहा मीटर एअर रायफल खेळायला लागली. आमच्या पट्ट्यात नेमबाजीचं वेड नवीन नाही. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत २०१० साली म्युनिकला विश्वविजेत्या झाल्या, तेव्हापासून इकडच्या पोरी रेंजवर दिसू लागल्या. १ ऑगस्ट २०२४ ला राधानगरीकडच्या स्वप्निल कुसाळेनं पॅरिस ऑलिम्पिकला ब्राँझ जिंकलं, त्या दिवशी तर आमच्या गल्लीत पेढे वाटले गेले. नवी जर्मन रायफल आमच्या आवाक्यातली नव्हती. २०२२ मध्ये खेळ सोडलेल्या एका मुलाकडून जुनी रायफल १ लाख ४० हजाराला घेतली. वस्तू चांगली होती. त्या घरच्या माणसांबद्दल आजही माझी काही तक्रार नाही.

ऑक्टोबर २०२४ मध्ये हवा थोडी कमी व्हायला लागली. रात्री भरून ठेवलेलं सिलिंडर सकाळी दहा-पंधरा बार (हवेच्या दाबाचं माप) उतरलेलं दिसायचं. हे म्हणजे एखादी ओ-रिंग, म्हणजे हवा अडवणारी रबरी कडी, झिजली असणार, एवढं मला कळत होतं. पण कारखान्यात हंगाम तोंडावर आला होता, ओव्हरहॉलिंगची घाई चालू होती, आणि एवढी नाजूक वस्तू आपण खोलायला नको असं वाटलं. एका स्पर्धेच्या ठिकाणी भेटलेल्या दुरुस्तीवाल्याचा नंबर होता. तो म्हणाला, "साहेब, पूर्ण सर्व्हिस किट टाकून देतो, पाच वर्षं बघायला नको." रायफल आठ दिवस त्याच्याकडे राहिली. २२ हजार घेतले. बिल म्हणून वहीच्या कागदावर तीन ओळी लिहून दिल्या, त्यावर ना नाव, ना सही. काढलेले जुने पार्ट मागितले तर म्हणाला, "ते टाकून दिले, भंगार होतं." इथंच मी थांबायला हवं होतं. कारखान्यात पंपाचा एक सील बदलला तरी जुना सील टेबलावर ठेवल्याशिवाय आम्ही सही करत नाही.

पुढच्याच आठवड्यापासून लेकीचा स्कोअर घसरला. आधी ६२० च्या आसपास असायची, ती ६१० वर आली. शॉट डावी-उजवीकडे जात नव्हते, मधूनच एखादा वर जायचा. तिच्या डायरीत त्या महिन्यात एकच प्रश्न पानोपानी आहे: "वर का गेला?" मी त्या माणसाला फोन केला. तो म्हणाला, पेलेटचा, म्हणजे छर्ऱ्यांचा, लॉट बदला. पाच डबे नवीन आणले. फरक नाही. मग म्हणाला, हवेचा दाब ठरावीक ठेवणारा रेग्युलेटर नवा आहे, बसायला वेळ लागतो, पाचशे शॉट मारा. मारले. मग रायफल परत मागवून हॅमरची (हवेच्या व्हॉल्व्हवर आपटणाऱ्या भागाची) स्प्रिंग बदलली, आणखी ६ हजार. त्यानंतर ट्रिगरचा पहिला टप्पाही वेगळा लागायला लागला. आता बिघाड पेलेटमध्ये, रेग्युलेटरमध्ये, स्प्रिंगमध्ये की ट्रिगरमध्ये, हे ओळखायची सोयच उरली नाही. शेवटी त्याचं ठरलेलं वाक्य आलं: "साहेब, रायफल ओके आहे, मुलीचं टेक्निक बघा."

आणि आम्ही ते बघितलं. मी तिला झोप, मोबाईल, श्वास, सगळ्यावरून बोललो. तिनं सकाळी पाचला उठून रिकामं होल्डिंग, म्हणजे शॉट न मारता नुसती रायफल धरून उभं राहणं, करायला सुरुवात केली. जानेवारीत एकदा जेवताना ती म्हणाली, "बाबा, मी सोडते, तुमचे पैसे वाया जातायत." अठ्ठावीस हजार गेले त्याचं दुःख आहेच, पण त्या माणसाचा मला खरा राग आहे तो या वाक्यासाठी.

तिच्या सरांनी मात्र घाई केली नाही. त्यांनी इलेक्ट्रॉनिक टार्गेटचे प्रिंटआउट मागितले. त्यात प्रत्येक शॉटची वेळ छापलेली असते. वर गेलेल्या शॉटांना त्यांनी लाल गोल केले आणि आधीच्या शॉटपासूनचं अंतर मोजलं. जवळजवळ सगळे लाल शॉट लांब विश्रांतीनंतरचे होते. पंचाहत्तर मिनिटांत साठ शॉट मारायचे असतात, मुलं मध्ये रायफल खाली ठेवतात, पाणी पितात. तिनं तसं केलं की पुढचा शॉट वर. सर म्हणाले, "दादा, हे मनाचं दुखणं नव्हे, हे हवेचं वाटतंय. आता एका वेळी एकच गोष्ट तपासायची."

त्यांनी आधी नेम धरायच्या साइटचे आणि स्टॉकचे (दस्त्याचे) स्क्रू बघितले. ठीक होते. मग रायफल टेबलावर शिकंज्यात पक्की बांधली, म्हणजे माणसाचा हातच नको. एकामागून एक पाच शॉट: सगळे एकाच भोकात. मग तीन मिनिटं थांबून एक शॉट: वर. पुन्हा पाच, पुन्हा थांबून एक: पुन्हा वर. लेक शेजारी उभी होती. ती काही बोलली नाही, रडायला लागली.

दुसऱ्या दिवशी सरांनी वेग मोजायचं यंत्र आणलं. सलग मारताना सेकंदाला १६८, १६९, १६८ मीटर. थांबून मारला की १७६. दहा मीटरवर पेलेट साधारण दीड-पावणेदोन सेंटिमीटर खाली येतो. वेग एवढा वाढला की तो दीड मिलिमीटर कमी खाली येतो. ऐकायला काहीच नाही, पण मधला दहाचा ठिपका अवघा अर्धा मिलिमीटर असतो आणि पाव मिलिमीटरला एक दशांश गुण जातो. म्हणजे १०.६ चा शॉट १०.० होतो.

याचं कारण रेग्युलेटर. सिलिंडरमध्ये हवा २०० बारपर्यंत असते, रेग्युलेटर ती ठरावीक कमी दाबावर आणून व्हॉल्व्हच्या मागच्या छोट्या कप्प्यात ठेवतो. त्याची सीट नीट बसत नसेल तर पुरेसा दाब झाल्यावरही हवा आत झिरपत राहते. तुम्ही थांबलात की त्या कप्प्यातला दाब चढतो आणि पुढचा शॉट जोरात जातो. सिलिंडरवरच्या गेजवर हे दिसत नाही, कारण तो गेज सिलिंडरचाच दाब दाखवतो. बाहेर आवाज नाही, गळती नाही. म्हणूनच हा बिघाड खेळाडूच्या माथी मारणं सोपं जातं.

मग पुण्याला अधिकृत माणसाकडे रायफल माझ्यासमोर उघडली. रेग्युलेटर या मॉडेलचा नव्हताच. पितळेचा, लेथवर काढलेला, सीटवर ओरखडा. हॅमरच्या स्प्रिंगचं एक टोक पक्कडीनं कापलेलं. ओ-रिंगा कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळतात तशा. माझे मूळ चांगले पार्ट काढून विकले गेले आणि मी त्याबद्दल मजुरीही दिली.

आणि शेवटी सिलिंडर. त्यावर एक चकचकीत स्टिकर होतं, सर्व्हिसनंतर लावलेलं. ते सोलल्यावर खाली वर्ष निघालं: २००९. आमचं सिलिंडर २०१८ चं होतं. रायफल घेताना काढलेल्या फोटोत नंबर आणि वर्ष स्पष्ट दिसतं, म्हणून मी हे छातीठोकपणे सांगू शकतो. उत्पादक साधारण दहा वर्षांची मुदत देतात, आणि ती बघायची जबाबदारी नियमानं खेळाडूवर असते. मोटारीच्या टायरमध्ये दोन-सव्वादोन बार हवा असते. इथं २०० बार, मुदत संपून पाच वर्षं झालेल्या नळकांड्यात, माझ्या मुलीच्या डाव्या हाताच्या वीतभर पुढं, चार महिने.

तेव्हा जुने पार्ट हातात पडल्याशिवाय पैसे देऊ नका. रायफल देण्याआधी सिलिंडरचा नंबर, वर्ष, आणि जमलं तर उघडलेल्या भागांचेही फोटो काढा. देण्याआधी आणि परत आल्यावर वेग मोजून वहीत लिहा, सलग पाच आणि थांबून एक, दोन्ही. सिलिंडर मुदतबाह्य निघालं तर ते भरू नका, स्वतः कापू-खोलू नका, जाणकाराकडून हवा सोडवून घ्या. मूल म्हणालं की काहीतरी बिनसलंय, तर आधी रायफल शिकंज्यात बांधून बघा.

मी पोलिसांत फसवणुकीचा अर्ज दिला आहे आणि जिल्हा ग्राहक आयोगातही गेलो आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथं फी लागत नाही, घटनेपासून दोन वर्षांत जावं लागतं. १९१५ या हेल्पलाइनवर माहिती मिळते. पावती नसली तरी ऑनलाइन पाठवलेल्या पैशांच्या नोंदी आणि मेसेज चालतात, माझ्याकडे तेवढंच आहे.

रायफलला आता मूळ कंपनीचा रेग्युलेटर आणि नवं सिलिंडर बसवलंय, त्यासाठी सोसायटीचं कर्ज काढलं. लेक पुन्हा सरावाला जाते. आमचं २०१८ चं सिलिंडर बहुतेक दुसऱ्या कुणाच्या रायफलवर असेल, आणि हे २००९ चं कुणाच्या तरी रायफलवरून आमच्याकडे आलं असेल. त्याचा नंबर मी ओळखीच्या सगळ्या क्लबांना कळवलाय. हवा सोडून ते सध्या माझ्या कपाटात, पुरावा म्हणून ठेवलंय.