‘द मॅडनेस ऑफ जॉर्ज थर्ड’: मुकुट काढला की उरतो तो पेशंट

माझी सगळी नोकरी मनोरुग्णांच्या वॉर्डात झाली. त्यामुळे वेडावरचं नाटक पाहताना माझं लक्ष आधी एकाच गोष्टीकडे जातं: नट केस पिंजारून डोळे गरागरा फिरवतोय का? यात राजा जॉर्ज झालेला मार्क गेटिस तसलं काही करत नाही.

ॲलन बेनेट यांचं हे नाटक 1991 मध्ये लंडनच्या नॅशनल थिएटरमध्ये आलं. मी पाहिला तो नॉटिंगहॅम प्लेहाउसचा 2018 चा प्रयोग, ॲडम पेनफर्ड यांनी बसवलेला. त्याचं चित्रण लॉकडाऊनमध्ये, जून 2020 ला, यूट्यूबवर मोफत दाखवलं होतं.

काळ 1788 चा. इंग्लंडचा राजा तिसरा जॉर्ज पन्नाशीला आलेला, पंधरा मुलांचा बाप, अमेरिका हातची गेल्याची सल मनात. एके दिवशी पोटात कळा येतात, झोप उडते आणि तोंड सुटतं ते थांबतच नाही. मॅनिया, म्हणजे मन बेफाम उधळलेल्या अवस्थेतल्या पेशंटचं बोलणं मी पुष्कळ ऐकलंय. एक विषय संपायच्या आत दुसरा घुसतो, आवाज बसतो तरी जीभ चालूच. मधेच एखादा क्षण असा येतो की त्याला स्वतःलाच कळतं, हे आपल्या ताब्यात राहिलेलं नाही. तो क्षण गेटिसच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसतो. राजा राणीच्या तैनातीतल्या लेडी पेम्ब्रोकबद्दल नको ते बोलू लागतो तेव्हा प्रेक्षकांत हशा पिकतो. मला हसू आलं नाही. बरं झाल्यावर असलं बोलणं आठवून मान खाली घालून बसलेली माणसं मी पाहिली आहेत.

डॉक्टरांचे प्रवेश तर अंगावर येतात. राजाला आपणहून प्रश्न विचारायचा नाही, हा दरबारी रिवाज, म्हणून धड तपासणीच होत नाही. एकाला फक्त शौचात रस, दुसरा पायांवर फोड उठवणारे लेप लावतो, आणि बाहेर पार्लमेंटमध्ये पंतप्रधान पिट आणि विरोधी पक्षाचा फॉक्स यांचं राजकारण त्याच्या तब्येतीवर हेलकावे खातंय. मग लिंकनशायरहून डॉ. विलिस येतो. एड्रियन स्कारबरोने तो न ओरडता केलाय, म्हणून जास्त भीती वाटते. ऐकलं नाही की खुर्चीला बांधायचं, एवढाच त्याचा नियम. पूर्वार्ध संपताना राजाला पट्ट्यांनी त्या खुर्चीत जखडतात आणि संगीतकार हँडेलचं राज्याभिषेकाचं संगीत दणाणतं. आपल्याकडे 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने मनोरुग्णाला साखळीने बांधायला पूर्ण बंदी केली, आणि इतर बंधनंही दुसरा इलाजच नसेल तेव्हाच, तीही थोड्या वेळापुरती. या प्रवेशानंतर त्या कलमांची गरज कुणाला समजावून सांगावी लागणार नाही.

उत्तरार्धात रीजन्सी बिलाची, म्हणजे आजारी राजाऐवजी युवराजाच्या हाती कारभार देण्याच्या विधेयकाची ओढाताण मला लांबली असं वाटलं. त्या काळचं राजकारण माहीत नसेल तर पक्षांची नावं डोक्यावरून जातात. शिवाय राजाच्या निळ्या लघवीवर जो भर आहे, तो पॉर्फिरिया या रक्तदोषाकडे बोट दाखवतो. हे निदान 1966 मध्ये आयडा मॅकाल्पाइन आणि रिचर्ड हंटर या मायलेकांनी मांडलं. पुढे ते बरंच खोडून निघालं. आता अनेक अभ्यासक बायपोलर, म्हणजे मन कधी उधळणाऱ्या तर कधी खचणाऱ्या आजाराकडे झुकतात. आजार शरीराचा ठरला की घराण्याची अब्रू राहते आणि मनाचा ठरला की जाते, ही समजूत आपल्याकडच्या घराघरांतही आहे. म्हणून हा भर मला खटकला.

पण सगळ्यात खरं काय वाटलं सांगू? रात्रंदिवस राजाची सेवा केलेले हुजरे आणि त्याला माणूस म्हणून वागवणारा त्याच्या तैनातीतला अधिकारी ग्रेव्हिल, हेच राजा बरा झाल्यावर कामावरून कमी होतात. ज्यांनी आपल्याला ओल्या अंथरुणात पाहिलं ते डोळ्यांसमोर नकोत. वॉर्डातून सुटी मिळालेला पेशंट बाजारात दिसला की ओळख न दाखवता पुढे जातो, आणि आम्ही सिस्टर लोक ते मनाला लावून घेत नाही. बेनेटना हे कळलंय, याचं मला फार अप्रूप वाटलं.

1789 मध्ये सावरलेला हा राजा 1810 नंतर कायमचा आजारी पडला. नोव्हेंबर 1817 मध्ये शनिवारवाड्यावर इंग्रजांचं निशाण चढलं, तेव्हा ज्याच्या नावाने राज्य चाललं होतं तो विंडसरमध्ये दृष्टी गमावून बसला होता. नाटक तिथवर जात नाही.

इंग्रजी जुन्या वळणाचं आहे, तेव्हा सबटायटल लावूनच पाहा. घरात मनाचा आजार असलेलं कुणी असेल तर खुर्चीचा प्रवेश आधी एकट्याने पाहा आणि मग त्यांना दाखवायचं की नाही ते ठरवा. नर्सिंगच्या मुलींना मात्र मी हे आग्रहाने दाखवेन.